चौदाव्या वर्षी आलेलं पत्र

साठाव्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली. ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागात आमच्या घरापाशी बस अर्ध्या तासाने येते, आणि नातीचा पोहण्याचा क्लास बससाठी थांबत नाही. माझ्या मुलाने, श्रीनाथने, दोन रविवार मला शिकवून पाहिलं. दुसऱ्या रविवारी आम्ही एकमेकांशी न बोलता घरी आलो. मग सुनेने, कादंबरीने, ऑफिसात विचारून एका इन्स्ट्रक्टरचा नंबर आणला.

एकहार्ट झाइडल सत्तरीला आलेला. उंच, पिंपासारखी छाती, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. माझं नाव तो त्याच्या जर्मन उच्चारात ‘वाझांती’ असं घ्यायचा. आवाज अगदी हळू, पण गाडीत एसी सुरू असला तरी शब्दन् शब्द कानात पोचायचा. मी कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दहा वर्षं ऑपरेटर होते. पुढे मशिन आली आणि मला बिलांच्या खिडकीवर बसवलं, तो भाग वेगळा. पण आवाज मला कळतात. तिसऱ्या लेसनला मी म्हटलं, की हा आवाज कमावलेला आहे. तो हसला. म्हणाला, मी ऑपेरात गायचो. टेनर. म्हणजे पुरुषांमधला उंच आवाज, नाटकात प्रेमात पडतो आणि बहुतेक वेळा मरतो तो.

त्यानंतर त्याची गोष्ट मला हप्त्याहप्त्याने कळत गेली. एका लेसनला एक तुकडा.

त्याच्या वडिलांची लहानशा गावात बेकरी होती. पहाटे पीठ मळताना हा मोठ्याने गायचा, ते चर्चमधल्या मास्तरांनी ऐकलं आणि त्याला संगीत शाळेत धाडलं. जर्मनीत म्हणे मध्यम गावांनाही स्वतःचं ऑपेराचं थिएटर असतं, आणि गायक तिथे पगारावर असतात. अशाच एका थिएटरात त्याला नोकरी लागली. कधी राजपुत्र, कधी निरोप्या, कधी म्हातारा नोकर. एकदा दुसऱ्या गावचा नायक दुपारी आजारी पडला, तेव्हा हा ट्रेनने दोन तासांवर गेला आणि संध्याकाळी रंगमंचाच्या कडेला वही घेऊन उभ्या उभ्या सगळी भूमिका गायला. मधोमध दिग्दर्शकाचा असिस्टंट नुसते ओठ हलवत अभिनय करत होता. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा कुणी वाकायचं, हे दोघांनाही कळेना.

“मग?” मी विचारलं.

“मग तुम्ही आरशात बघा. मागे ट्रक आहे,” तो म्हणाला.

त्याच्या नोकरीच्या चौदाव्या वर्षी थिएटरचं पत्र आलं, की पुढच्या सीझनला तुमची गरज नाही. तिथला नियम असा, की पंधरा वर्षं भरली की गायकाला काढता येत नाही. म्हणून बऱ्याच जणांना चौदाव्या वर्षी पत्र येतं. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे रोजंदारीवरच्या माणसांना कायम होण्याच्या आधी बरोबर ब्रेक देत असत, ते मी पाहिलं होतं.

त्यानंतर दोनेक वर्षं तो मिळेल तिथे गायला. त्यातच ॲडलेडला दोन महिन्यांचं काम आलं. इथे कपडेपटात हेलन नावाची बाई त्याच्या अंगरख्याला बटणं लावत होती. तो परत गेला नाही. तोवर त्याला गाडी येत नव्हती. हेलनने शिकवली, आणि तो तिसऱ्या टेस्टला पास झाला. मला भीती कशाची वाटते हे त्याला आधीच कसं कळतं, ते तेव्हा मला उमगलं.

एका शनिवारी श्रीनाथने नेटवर एकहार्टचं नाव शोधलं. कुठल्याशा रेडिओचं जुनं रेकॉर्डिंग सापडलं. आम्ही ओट्यापाशी उभं राहून ते ऐकलं. मला त्यातली भाषा कळत नव्हती, पण एका जागी सूर वर गेला आणि तिथेच थांबून राहिला, तेव्हा नातसुद्धा फोनमधून मान वर करून बघायला लागली. नंतर कादंबरी म्हणाली, असा माणूस दिवसभर लोकांना पार्किंग शिकवतो, किती वाईट आहे. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या लेसनला माझं लक्ष लागेना. एका वळणावर मी इंडिकेटरऐवजी वायपर सुरू केले, आणि स्टॉपच्या पाटीवर त्याला ब्रेक दाबावा लागला. त्याने मला पॅराफील्डच्या विमानतळाच्या कुंपणाशी गाडी लावायला सांगितली. पलीकडे शिकाऊ पायलटांची छोटी विमानं उतरत होती. काय झालं, म्हणून त्याने विचारलं. मी सांगून टाकलं, की आम्ही तुमचं गाणं ऐकलं आणि घरात सगळ्यांना वाईट वाटलं.

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ते पत्र आलं तेव्हा जानेवारी होता,” तो म्हणाला. “बाहेर बर्फ. मी थिएटरमधून निघालो आणि दुकानातून आइस्क्रीम घेतलं. रस्त्यात उभा राहून खाल्लं. चौदा वर्षं मी थंड काही खाल्लं नव्हतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी कुणाशी बोलायचो नाही, वाऱ्यात तोंड उघडायचो नाही. आईच्या अंत्यविधीला रडलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. आइस्क्रीम संपलं आणि मी आणखी एक घेतलं.”

“पण गाणं आवडायचं ना?”

“फार आवडायचं. पण तेव्हा दीड हजार लोक मी कुठे चुकतो ते ऐकत बसायचे. आता मी एका माणसाशेजारी बसतो आणि तो चुकू नये म्हणून बघतो. मला हे जास्त जमतं, वाझांती. लोकांना माझी गोष्ट दुःखाची हवी असते. मी त्यांना नाराज करतो.”

मग त्याने स्टॉपच्या त्याच पाटीवरून मला चार वेळा गाडी न्यायला लावली.

पहिल्या टेस्टला मी नापास झाले, दुसऱ्या टेस्टला पास. श्रीनाथने गाडीला नवशिक्या ड्रायव्हरच्या पी-प्लेट लावून दिल्या आणि मी नातीला क्लासला नेऊ लागले. लेसन संपले तसा एकहार्टचा संबंधही संपला असं मी धरून चालले होते. पण ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी गाडीला मनाई केली होती, आणि हेलन बहिणीकडे सिडनीला गेली होती. बारोसा खोऱ्यातल्या टानुंडा गावी त्याला शनिवारी दुपारी पोचायचं होतं. मी नेईन का?

साठेक किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर मी तोवर एकदाही गेले नव्हते. श्रीनाथ म्हणाला, आई, मी सोडतो त्यांना. मी म्हटलं, त्यांनी मला विचारलंय.

वाटेत एकहार्ट गाडीबद्दल एक शब्द बोलला नाही. गॉलर गावाच्या पुढे द्राक्षांचे मळे लागले. वेली छाटून नुसती खोडं उरली होती. तो मात्र बेकरीतल्या प्लमच्या केकबद्दल बोलत राहिला.

टानुंडाच्या हॉलमध्ये जर्मन गाणी गाणारा म्हाताऱ्या पुरुषांचा एक जुना गायकवृंद होता. कुणी शेतकरी, कुणी निवृत्त मास्तर, एक जण तर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्यांना टेनर कमी पडत होते, म्हणून एकहार्ट तीन वर्षं तिथे जात होता. हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. तो मागच्या रांगेत, डावीकडून दुसरा उभा राहिला.

ते गायला लागल्यावर मी त्याचा आवाज शोधू लागले. रेकॉर्डिंग माझ्या कानात पक्कं बसलं होतं. डोळे मिटून पाहिलं, मान कलती करून पाहिलं. सापडेना. वीस माणसांचा मिळून एकच जाड, उबदार आवाज येत होता, आणि तो त्यात कुठेतरी होता. डोळे उघडले तर त्याचं तोंड उघडं, एका डोळ्यावर प्लास्टिकची ढापणी, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मीच बघता बघता हसले. शेजारच्या बाईला वाटलं मला गाणं आवडलं. ती माझ्या कानाशी अर्थ सांगू लागली. काहीतरी गिरणी आणि ओढ्याबद्दल होतं.

नंतर चहा झाला, केक झाला. ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, की तुम्ही एकहार्टच्या स्टुडंट का, गाण्याच्या? मी म्हटलं, नाही, ड्रायव्हिंगच्या. त्याला ते जास्तच भारी वाटलं. त्याची बायको पन्नास वर्षं शेजारच्या सीटवर बसून होती, तिला शिकवाल का, असं तो एकहार्टला म्हणाला. एकहार्टने तिथेच वही काढली आणि डोळा बरा झाल्यानंतरचा पहिला मंगळवार तिच्यासाठी लिहून घेतला.