म्हातारीचं परतीचं विमान

ज्या वर्षी ताईच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी दाजींनी मोडीतल्या विमानाचं नाक घरी आणलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. नाक दारातून शिरेना, म्हणून त्यांनी बैठकीची भिंत पाडली, नाक आत घेतलं आणि भिंत पुन्हा बांधली.

मग चार महिने खपून विमानाचा एकेक काटा, एकेक बटण सोडवून संगणकाला जोडलं. काचेबाहेर पडदे, त्यांवर ढग. खुर्च्यांखाली वॉशिंग मशीनची मोटर. कवळी निघेल इतकं थडथडायचं. उडणं खोटं, पण वेळ खरा. सहा तासांचं अंतर म्हणजे सहा तास. मी दुसरा पायलट. अक्षरं पन्नाशीनंतर शिकलो, म्हणून उडण्याआधीची यादी बोट ठेवून वाचायचो. विमान कधी वेळेवर सुटलं नाही.

ताईच्या सासूबाई नव्वदीच्या. एका सकाळी पिशवी भरून त्या नाकात येऊन बसल्या. "मला धाकटीकडे सोडा."

ती धाकटी बहीण वारून सतरा वर्षं झाली होती. म्हातारीला ते सांगून झालं होतं, आणि तिचं विसरूनही झालं होतं.

"मेव्हणे, यादी वाचा," दाजी म्हणाले. डोक्यावर पायलटची टोपी, त्यामुळे आईने पोटच्या पोराला ओळखलं नाही.

सहा तासांनी उतरलो. म्हातारी थेट स्वयंपाकघरात गेली. "ओटासुद्धा माझ्यासारखाच बांधलाय मेलीने! नक्कल करायची खोड काही गेली नाही. आहे कुठे ती?"

"बाहेर गेल्यात, येतील," ताई म्हणाली आणि चहा पुढे केला.

म्हातारीने घोट घेतला. "तू धाकटीची सून ना? हाताला चव आहे गं. आमची ती चहा करते की भांडी विसळते, तेच कळत नाही."

ताई ओटा धरून उभी राहिली. बत्तीस वर्षांत सासूच्या तोंडून पहिला चांगला शब्द.

आईसमोर दाजींना टोपी काढायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी ती सारखी केली. "विमान परक्या गावात किती दिवस ठेवायचं?"

"एकटे जा."

"अगं, परतीचा प्रवासी आहे!"

"अहो, त्या परत आल्या की मी पुन्हा भांडी विसळणारी. नाही जायचं."

दुपारी बघतो तर इंजिनाचा वेग वाढवायचा दांडाच जागेवर नाही. दाजी कासावीस झाले. आयुष्यात त्यांनी एकही लिफ्ट रात्रभर अडकू दिली नव्हती. रोज सकाळी म्हातारी दारात हजर.

"पायलटसाहेब, झालं का नीट?"

"सुटा भाग यायचाय, आजी."

"तुमच्याच्यानं होत नसेल तर माझ्या मुलाला बोलवा. लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने हात लावला की मेलेलं यंत्र उठून बसतं."

दाजींनी टोपी कपाळावर ओढली आणि उगाच एक स्क्रू पिळत बसले.

महिन्याभराने ताईलाच वाईट वाटलं. तिने दांडा आणून नवऱ्यापुढे ठेवला. "बसवा. न्या त्यांना घरी."

दाजींनी दांडा कपाटावर टाकला. "राहू दे. मला तरी कधी म्हणाली होती का ती असं?"

म्हातारी स्वतःच्याच घरात अकरा महिने पाहुणी म्हणून राहिली. पुढच्या वर्षी थंडी सरताना, एका मंगळवारी सकाळी सव्वासातला ती वारली. दांडा तेव्हाही कपाटावरच होता.