दादाची गाडी आणि माझ्या गाद्या

माझा धंदा गाद्या-उशांचा. माणसाला टेकायला काहीतरी मऊ मिळालं की निम्मी भांडणं मिटतात असं माझं मत आहे, आणि माझी मतं मी पोटात ठेवत नाही. त्यामुळे दादानं ती गाडी दारात आणली त्या दिवसापासून माझं तिच्याशी वाकडं.

दादा माझा थोरला भाऊ. चष्म्याच्या काचा घासण्यात त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही, कसली हौस केली नाही, शर्टसुद्धा आईनं निवडलेला घालायचा. दुकान बंद करून मोकळा झाला आणि थेट ही जमिनीला पोट टेकलेली गाडी घेऊन आला. जुनीच, पण खास आवृत्ती म्हणे. कंपनीनं मोजक्याच काढल्या होत्या. हिचाच साधा प्रकार आमच्या समोरच्या घरी आहे. दोघी शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी वाटतील. पण साधीत बसलं की डोळा लागतो, आणि दादाच्या गाडीत रस्त्यावरचा खडान् खडा आपली ओळख करून देतो.

"अगं, हिच्या स्प्रिंगा मुद्दाम कडक ठेवल्यात," दादा सांगायचा. "वळणावर गाडी झुकत नाही."

"आणि हा गोंगाट?"

"तोही मुद्दाम."

"म्हणजे लोक त्रास मुद्दाम बसवून घेतात, असं म्हण की."

दादाला वाद घालता येत नाही आणि मला थांबता येत नाही.

खरा वाद आईवरून होता. तिचे गुडघे कुरकुरतात, म्हणून दादा तिला दर आठवड्याला दवाखान्यात व्यायामाला नेतो. आई मोज्यांच्या कारखान्यात विणायच्या यंत्रांवर होती. त्या खडखडाटानं तिचे कान गेले. कानात मशीन लावते, पण गाडीत बसली की ते काढून पर्समध्ये टाकते. पहिल्यांदा मी सोबत गेले तेव्हा पाहिलं, तर मागच्या सीटवर चपला काढून, डोळे घट्ट मिटून, दोन्ही तळहात सीटवर दाबून बसलेली. म्हातारी जीव मुठीत धरून बसली होती आणि पुढे हा पठ्ठ्या खुशीत गिअर टाकत होता.

मग मी माझ्या परीनं इलाज केला. मागच्या सीटच्या मापाची जाड गादी शिवली. पायाखाली स्पंज, त्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर. डिकीत, दारांच्या कप्प्यांत, जिथे म्हणून हात पोचला तिथे नमदा कोंबला. दादा "कशाला गं" म्हणत मागे मागे फिरला, पण त्याचं ऐकतंय कोण! आवाज बराच दबला. गाडी आदळायची ती आदळतच राहिली. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आई दिवसेंदिवस मलूल दिसायला लागली. खिडकीबाहेर बघत नुसती बसून असायची. शेवटी मी दादाला धारेवर धरलं.

"तिच्या हाडांचा खुळखुळा झालाय. विकून टाक ही."

दादानं चष्मा काढून पुसला. "बरं," म्हणाला. एवढंच. आयुष्यातली एकुलती एक हौस, आणि त्यावर एक "बरं". मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. दातांची डॉक्टर, चांगली हसरी. आईला आम्ही विक्रीचं काही बोललो नव्हतो. गाडी बाहेर काढताना दिसली तशी ती आपली मागे जाऊन बसली. मीही तिच्या शेजारी बसले. ऐन वेळी दादाची जीभ अडखळली असती तर सौदा मला पुरा करायचा होता.

डॉक्टरनं आधी छतावर टिचकी मारली. "कार्बन फायबर! साध्या गाडीत इथे पत्रा असतो." मग काच वाजवून बघितली, ती पातळ म्हणून खूश. ब्रेक मोठे म्हणून खूश. मोजक्या गाड्यांतली ही कितवी, तो क्रमांक कोरलेली पट्टी समोर दिसली तेव्हा तर तिनं तिच्यावरून बोटच फिरवलं. मी जे जे दोष म्हणून ऐकवले होते, ते सगळे ही बाई दागिन्यासारखे मिरवत होती. माझं डोकं तापायला लागलं.

ती चालवायला बसली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि गाडी कडेला घेतली.

"काका, काहीतरी चुकतंय. ही एवढी गप्प कशी?"

दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टरनं उतरून डिकी उघडली आणि हसत सुटली. "अहो, गाडी हलकी व्हावी म्हणून कंपनीनं आतलं अस्तर काढलं, छत बदललं, काचा पातळ केल्या. आणि तुम्ही आत गाद्यांचं दुकान भरून ठेवलंय!"

"दुकान माझं आहे," मी म्हणाले.

"मग काकू, एकदा सगळं काढूया? मला खरी गाडी बघू दे."

काकू म्हटल्यानं मी आणखीच चिडले, पण काढलं. नमद्याचा फुटपाथवर ढीग झाला. आईच्या खालची गादी ओढायला लागले तर तिनं आपणहून अंग उचललं. मग पुन्हा बसली आणि चपला काढल्या.

गाडी सुरू झाली. खालून घरघर उठली ती सीटमधून, दारांतून थेट माझ्या दातांपर्यंत आली. रस्ता मोकळा मिळाला तसा डॉक्टरनं गिअर खाली घेतला आणि गाडी गरजली. मी आईला सावरायला वळले.

आई हसत होती. डोळे मिटलेले, पावलं गाडीच्या उघड्या तळावर, तळहात सीटवर दाबलेले, सगळं त्या पहिल्या दिवसासारखं. मधूनच ती बोटानं सीटवर टकटक करायची, आणि नेमका तेव्हाच गिअर बदलायचा.

"आई, भीती वाटते का?" मी तिच्या कानाशी ओरडले.

"भीती कसली? कारखान्यात मी अशीच अनवाणी उभी राहायचे. कान गेले तरी कुठलं यंत्र नीट चाललंय ते पायांना कळायचं." तिनं डोळे उघडले. "ह्या गाडीत मला ऐकू येतं गं. मध्यंतरी सगळं बंद पडलं होतं. मला वाटलं, आता पायही बहिरे झाले."

मला रडू आलं. आईला मऊ बसवायच्या नादात मी तिचं उरलंसुरलं ऐकणंच नमद्यात गुंडाळून टाकलं होतं.

घरापाशी परतलो. डॉक्टर उतरली. "काका, मी घेते. तुम्ही म्हणाल त्या किमतीला."

दादानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. असं मी आजवर कधी केलं नव्हतं, म्हणून तो जरा गोंधळलाच.

"नाही," दादा म्हणाला. मग आवाज जरा चढवून, "नाही विकायची."

डॉक्टरचा चेहरा पडला, पण मागच्या सीटवर तिची नजर गेली आणि ती हसली. "आजींना उतरवायची माझी तरी हिंमत नाही."

दादा माझ्याकडे वळला. भांडायच्या तयारीत, बिचारा.

"बरं," मी म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात आईनं मागून दार वाजवलं. "अरे, थांबवलीस का?"