नंबर कोणी अडवलाय?

माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये सगळ्या जगासाठी एक रिंगटोन आहे आणि पहिलीसाठी वेगळी. पहिली म्हणजे त्याची पहिली बायको. मी, दुसरी, बाकीच्या जगाबरोबर रांगेत. ती धून वाजली की हा गडी भरल्या ताटावरून उठतो आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्यात भर त्या खोलीची. घरात एकच खोली उजेडाची, आणि तिला कुलूप! आत पहिलीचं शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे. "नेईल गं ती, जरा दम धर," हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. म्हणून मी ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावर करते, मीठदाणीशेजारी टेस्ट बोर्ड, म्हणजे चाचणीचं उघडं सर्किट, मांडून.

काम म्हणजे कर्नल, कॉम्प्युटरच्या पोटातला मूळ प्रोग्राम. त्यात प्रत्येक उपकरण चालवायला एक ड्रायव्हर लागतो. उपकरणाला काही सांगायचं असलं की ते घंटी वाजवतं. तिला आम्ही इंटरप्ट म्हणतो, आणि प्रत्येक घंटीचा नंबर असतो. आठवडाभर एक नेटवर्क कार्ड माझं डोकं खात होतं. त्याचा जुना ड्रायव्हर काढून नवा जोडला की नवा लगेच तोंडावर आपटायचा. इंटरप्ट मिळत नाही म्हणे, नंबर आधीच वापरात!

जुनाच जाताना नंबर दाबून बसतोय, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. गेली तरी पाय निघत नाही हिचा! हिचा म्हणजे त्याचा, ड्रायव्हरचा. त्याच्या कोडची ओळ न् ओळ उकरली, पण चोरी काही सापडेना.

रविवारी नवरा दूध आणायला खाली गेला आणि फोन टेबलावर विसरला. नेमकी तीच धून वाजली. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे.

"बरं झालं तुम्हीच उचललात," पहिली म्हणाली. "मी लहान घरात राहायला जातेय. तर ते शिलाई मशीन..."

"कधी येताय न्यायला?" मी तोडूनच विचारलं.

"न्यायला? अहो, मला नकोच आहे ते! किती वेळा सांगितलं त्याला, देऊन टाक कोणाला तरी. तोच म्हणतो, असू दे. आता तुम्हीच घाला त्याच्या डोक्यात. मी दमले बाई."

आवाज छान होता मेलीचा. एवढे दिवस जिच्या नावाने बोटं मोडली, तिने कधीच हात झटकले होते. मग मी जळत होते ते कोणावर?

काही सुचेना, म्हणून पुन्हा बोर्डाकडे वळले. पण आता जुन्या ड्रायव्हरचा नाद सोडला आणि कार्डाचीच अवस्था तपासली. जुना बिचारा सगळं नीट परत करून गेला होता. नंबर धरून बसलं होतं ते कार्ड! ड्रायव्हर सुटला की कार्डाची घंटी बंद करायची, ही एक ओळ कार्ड आणि ड्रायव्हर यांना जोडणाऱ्या मधल्या कोडमध्ये कोणी लिहिलीच नव्हती. मी ती लिहिली. नवा ड्रायव्हर जोडला आणि त्याला बिनबोभाट नंबर मिळाला. खरं सांगते, मला त्याचाही हेवा वाटला.

तेवढ्यात नवरा आला. "कोणाचा फोन होता?"

"पहिलीचा. खोलीची किल्ली दे."

"अगं, पण तिचं सामान..."

"तिला नकोय ते. कधीचंच नकोय. तुला माहीत आहे."

त्याने दुधाची पिशवी टेबलावर ठेवली. हात खिशात गेला, किल्ल्या वाजल्या. मी तळहात पुढे केला. त्याचा हात खिशातच राहिला.

"बरी आहे ना ती?" त्याने विचारलं.