मागच्या सीटवरचे पाय

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. मला साखळी नाही. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्यांचे मागचे चाक साखळी ओढते. माझे चाक मात्र एक लोखंडी दांडा फिरवतो. त्याला शाफ्ट म्हणतात. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत तो एका नळीत झाकून बसवलेला असतो आणि गाडी चालते तोवर आतल्या आत गुपचूप फिरत राहतो. साखळीवाल्या गाड्या खडखड करतात आणि मालकाच्या विजारीला काळे डाग पाडतात. मी तसले काही कधी केले नाही. या गोष्टीची मला मोठी घमेंड होती. ती पुढे चांगलीच जिरली.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. मला जोडून झाल्यावर एका तपासनिसाने आवारात दोन चकरा मारल्या आणि तो म्हणाला, "ही तर लोण्यावरून चाललीय." एवढे कौतुक मला पुरे होते. मग एका दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस उभी राहिले. लोक यायचे, हात फिरवायचे, "साखळी नाही? मग बिघडली तर करायचं काय?" असे म्हणून नाक मुरडायचे आणि शेजारची गाडी घेऊन जायचे.

शेवटी एक जोडपे आले. मालक एका कारखान्यात लेथवर काम करत. बाई परिचारिका होत्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शन द्यायचे, जखमा बांधायच्या, रक्तदाब बघायचा, हे त्यांचे काम. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी मात्र त्यांना बाईच म्हणते. मला चालवायच्या बाई आणि मागे बसायचे मालक. गल्लीत यावरून थट्टा व्हायची. मालक हसून म्हणायचे, "गाडी चालवणारे पुष्कळ असतात. नीट मागे बसणारा मिळत नाही."

आणि ते खरेच नीट बसायचे. दोन्ही पाय मागच्या पावठ्यांवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, घट्ट टेकलेले, हात मांड्यांवर, मान जराशी कलती. त्यांच्या पायांना माझ्यातले सगळे कळायचे. "अगं, हळू कर. उजवीकडे काहीतरी सैल झालंय," असे ते म्हणायचे आणि घरी जाऊन बघावे तर एखादा बोल्ट खरेच ढिला झालेला असायचा. बाई म्हणायच्या, "अहो, तुम्ही मागे बसलात की मला आरसासुद्धा बघावा लागत नाही." सकाळी मालकांना कारखान्याच्या फाटकाशी सोडायचे, दिवसभर बाईंबरोबर आजाऱ्यांच्या दारांशी उभे राहायचे, संध्याकाळी पुन्हा फाटकाशी जायचे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

वर्षातून एकदा माझा शाफ्ट बाहेर निघायचा. त्याचे दोन तुकडे असतात. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत सरकतात. तिथले जुने ग्रीस पुसून नवे भरावे लागते, नाहीतर दाते झिजतात. या कामाला दोघे लागतात. मालक आडवे पडून दोन्ही तुकडे एकमेकांत बसवायचे आणि बाई मागच्या बाजूचा सगळा भार उचलून धरायच्या. तिथून त्यांना मालकांचे हात दिसायचे नाहीत, फक्त पाय दिसायचे. "झालं का?" त्या विचारायच्या. "झालं, झालं. घाई कसली आहे?" असे उत्तर यायचे.

एका वर्षी बाईंची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली हरवली. लग्नसमारंभाला लावायची म्हणून जपून ठेवलेली. बाईंनी सगळे घर डोक्यावर घेतले. मालकांनी साफ कानांवर हात ठेवले. "मी काय नखं रंगवतो का?" ते म्हणाले. बाटली कुठे गेली ते मला माहीत होते. पण मोटारसायकलीला विचारतो कोण?

मग मालक आजारी पडले. बाई त्यांना रुग्णालयात घेऊन गेल्या त्या शेजाऱ्यांच्या मोटारीतून. परत आल्या त्या एकट्याच. दुसऱ्या आठवड्यात त्या मला घेऊन निघाल्या आणि सवयीने कारखान्याच्या फाटकाशी थांबल्या. इंजिन चालू ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या. मग पुढे गेल्या. त्या दिवसापासून मागच्या सीटवर कोणीही बसले नाही. मागच्या पावठ्या दुमडलेल्या होत्या, त्या हळूहळू तशाच गंजून बसल्या.

शाफ्टला ग्रीस भरायची वेळ आली तेव्हा बाईंनी कोणाला बोलावले नाही. मागच्या भाराखाली त्यांनी विटा रचल्या आणि स्वतःच आडव्या पडल्या. शाफ्टचे दोन्ही तुकडे त्यांनी रॉकेलमध्ये बुडवून घासले. इतके घासले की पूर्वी कोणी घासले नसतील. दात्यांजवळ लाल काहीतरी चिकटले होते. घाण समजून त्यांनी तेही खरवडून काढले. मी आतून ओरडत होते, "बाई, ते राहू द्या!" पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला? नवे ग्रीस भरून त्यांनी तुकडे एकमेकांत सरकवले, सगळे बोल्ट आवळले आणि त्या स्वतःशीच म्हणाल्या, "झालं, झालं. घाई कसली आहे?" मग त्या रडल्या.

तुकडे बसले होते, पण दोन दाते सरकून. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. ते सांधे एका रेषेत असले तर एकाचा झोका दुसरा सावरून घेतो. माझे सांधे आता एकमेकांकडे तिरके बघत होते. गल्लीत हळू चालताना काहीच कळायचे नाही. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की अंगभर बारीक थरथर सुटायची आणि ती हँडलपर्यंत जायची. लोण्यावरून चालणारी मी, हिवताप आल्यासारखी कापू लागले.

पहिल्यांदा ती थरथर जाणवली तेव्हा बाईंनी मला कडेला घेतले. हातमोजे काढले. दोन्ही पंजे समोर धरून त्या बघत राहिल्या. मालक गेल्यापासून त्यांना धड झोप नव्हती, जेवण नव्हते. आणि मित्रांनो, त्यांना वाटले, आपलेच हात थरथरतात.

तरी शहानिशा करायला त्या मला मेकॅनिककडे घेऊन गेल्या. माणूस वाईट नव्हता. त्याने चाके काढून त्यांचा तोल तपासला, टायर बघितले, इंजिनाचे बोल्ट आवळले आणि गल्लीत एक चक्कर मारली. गल्ली ती केवढी! वेग घ्यायला जागाच नाही. "गाडी ठणठणीत आहे, सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही जरा विश्रांती घ्या." तो हे मायेनेच बोलला, पण बाईंच्या काळजात धस्स झाले.

परिचारिकेचे हात थरथरतात म्हणजे काय, ते तुम्हाला कळेलच. बाईंनी इंजेक्शन देणे बंद केले. ते काम त्यांनी एका तरुण सिस्टरकडे सोपवले. कोणी विचारले तर म्हणायच्या, "आता माझं वय झालं." लहान मुलेसुद्धा ज्यांच्या हातची सुई निमूट टोचून घ्यायची, त्या बाई आता नुसता रक्तदाब बघून, दोन शब्द बोलून परत येऊ लागल्या. पुढे तेही कमी झाले. मालकांची जुनी चादर माझ्यावर पडली आणि मी पडवीच्या कोपऱ्यात मूग गिळून उभी राहिले. पावसाळे गेले. माझ्या सीटखाली उंदराने घर केले. बोलायला तेवढाच एक सोबती होता, आणि तो माझ्याच सीटचा स्पंज कुरतडायचा.

एक दिवस बाईंनी आपल्या दिरांना फोन केला. मालकांचे हे धाकटे भाऊ दुसऱ्या गावी शिंपीकाम करायचे. बाई म्हणाल्या, "भाऊजी, गाडीला गिऱ्हाईक बघा. मला आता झेपत नाही. कामही सोडावं म्हणते." माझ्या तोंडचे पाणी पळाले. भाऊजींनी गिऱ्हाईक गाठले. ते गिऱ्हाईक ठरलेल्या दिवशी मला घेऊन जाणार होते. भाऊजी स्वतः आदल्या दिवशीच बसने यायला निघाले.

बसचा थांबा गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर. बाईंनी माझी चादर काढली, उंदराला हाकलले, हवा भरली. "चल," त्या म्हणाल्या, "शेवटचं एकदा."

भाऊजी अंगाने भरलेले आणि मोटारसायकलीला भलतेच घाबरणारे. "वहिनी, मी आपला चालत येतो की. तेवढीच भूक लागेल."

"बसा मुकाट्याने. पाय त्या पावठ्यांवर ठेवा."

पावठ्या उघडेनात. भाऊजींनी लाथा मारून मारून त्या खाली पाडल्या आणि ते जीव मुठीत धरून बसले. कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीवर पुरते वजन आले. मला किती बरे वाटले, ते सांगता येत नाही.

बाईंनी वेग घेतला. थरथर सुरू झाली. त्यांनी हँडल घट्ट आवळले आणि ओठ मिटून घेतले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"वहिनी, गाडी थांबवा. माझ्या पायांना मुंग्या येतायत."

बाईंनी मला कडेला घेतले. "घाबरलात म्हणून येत असतील."

"घाबरलो की माझं पोट दुखतं, पाय नाही. वहिनी, माझा जन्म गेला शिलाई मशीनवर. सुई वाकडी झाली तर मला आधी पायाला कळतं. ही गाडी खालून थरथरतेय."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "गाडी नाही हो, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "माझे हात थरथरतात."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "तुमचे हात थरथरतील हो, वहिनी! पण तुमच्या हातांनी माझे पाय कसे थरथरतील?"

 बाईंनी पुन्हा वेग घेतला, मग क्लच दाबून इंजिन शांत केले आणि मला नुसतीच पळू दिली. इंजिन थांबल्यासारखे झाले, तरी थरथर राहिली आणि वेगाबरोबर कमी होत गेली. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. चाके तर मेकॅनिकने तपासलेली. मधे उरला एकच, शाफ्ट. "तो मी उघडला होता," बाई म्हणाल्या. "एकटीने."

घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा टाकला नाही. चाक काढले, शाफ्ट बाहेर ओढला. कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून भाऊजींनी बाईंचा जुना झगा अंगाभोवती गुंडाळला आणि भार उचलून धरला. मग भार विटांवर टेकवून ते शिंप्याच्या नजरेने दात्यांकडे वाकून बघू लागले. "वहिनी, या खाचेत लाल काय आहे? दोऱ्याएवढंच आहे."

बाईंनी ते नखाने खरवडले. नखाकडे बघितले. मग त्या उठल्या आणि मालकांची हत्यारांची पेटी त्यांनी जमिनीवर उपडी केली. पान्यांच्या तळाशी, चिंधीत गुंडाळलेली, ती हरवलेली बाटली होती. आतला रंग वाळून खडा झाला होता.

"चोर मेला," बाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "मी काय नखं रंगवतो का, म्हणे!"

दुसऱ्या तुकड्यावरही शोधल्यावर लाल रंगाचा एक कण सापडला. तुकडे दरवर्षी नेमके जुळावेत म्हणून मालकांनी केलेल्या त्या खुणा होत्या. लालसमोर लाल ठेवून बाईंनी तुकडे सरकवले. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत आले. भाऊजींना त्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण तेही म्हणाले, "आता काज बटणासमोर आलं."

पुन्हा मोठ्या रस्त्यावर गेलो. बाईंनी वेग घेतला, आणखी घेतला. मी लोण्यावरून चालले. मागून आरोळी आली, "वहिनी, पाय एकदम गप्प! पण आता पोट दुखायला लागलं, हळू चला!"

गाडी विकायची नाही, असे गिऱ्हाइकाला कळवले. भाऊजी आपल्या गावी गेले. बाईंनी इंजेक्शनचा डबा पुन्हा माझ्या पिशवीत ठेवला. पहिल्याच घरातून त्या बाहेर आल्या तेव्हा दारातली म्हातारी म्हणत होती, "सिस्टर, कुठे होतात इतके दिवस? त्या पोरीचा हात जड आहे." हातमोजे घालताना बाई गुणगुणत होत्या.

मित्रांनो, गोष्ट इथे संपवता आली असती. पण खोटे कशाला बोलू? माझी थरथर गेल्यावर मला बाईंच्या हातांचे खरे कळू लागले. कामावर जाताना ते अगदी स्थिर असतात. संध्याकाळी मात्र आम्ही आपल्या गल्लीत वळतो, अंधारे घर समोर येते आणि क्लचवरचा डावा हात जरासा कापतो. अगदी जरासा. तो दोष शाफ्टचा नाही आणि त्यावर कोणाकडे पाना नाही. तो फक्त मला कळतो, आणि मी कोणाला सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. जुन्या यंत्राला तेल द्या, ग्रीस द्या, ते आहेच. पण तुमच्या ओळखीत कोणी एकटेच गाडी चालवत असेल, तर कधीतरी त्याच्या मागे बसा. पुढच्या चौकापर्यंत का होईना. एकट्या माणसाला कळत नाही, आपले काय थरथरते आणि गाडीचे काय. माझ्या मागच्या पावठ्या आता सहज उघडतात. बाई त्यांना दर रविवारी तेल घालतात.