दोन नावांची चिठ्ठी

दुपारची झोप आटोपून एर्मिंदाने, जिला गाव आदराने 'दोन्या' म्हणे, दुकानाचे दार उघडले, तेव्हा पायरीवर दोघे उभे होते. एक फाउस्तो मास्तर, दोन्ही हातांत लाल रंगाचे डबे घेतलेले. आणि दुसरा, त्यांच्यापासून चार हात अंतर राखून, पाटाचे पाणी सोडणारा पाटकरी एव्हारिस्तो तेखादा. त्याला फक्त पाव हवा होता. पण मास्तर आधी बोलू लागले, आणि कुणाचे बोलणे तोडून काही मागणे एव्हारिस्तोला जन्मात जमले नव्हते.

"रविवारी बहिरीवर वाट आखायची," मास्तरांनी डबे फळीवर आपटले. "दर पन्नास पावलांवर एक लाल ठिपका. पंधरा जण येताहेत. त्यातले सहा शहरातले, त्यांचे दोघांत एक धरायचे, म्हणजे बाराच."

"बहिरीवर?" एर्मिंदा हसली. "तिथं बकऱ्यासुद्धा नाइलाजानं जातात, मास्तर. आमची झुलेमा नेउकेनला गेली ना, तेव्हा सुरुवातीला दर फोनला विचारायची, 'मावशी, बहिरीवर कुणी गेलं का गं?' मी म्हणायचे, बाई, माझे गुडघे कसे आहेत ते विचार, दुकान कसं चाललंय ते विचार. डोंगराची कसली चौकशी करतेस? आता दोन वर्षं झाली, नाही विचारत. शहाणी झाली असेल."

"कुणी गेलं नाही कसं? हा गेलाय की!" मास्तर वळले. "काय रे काडीपैलवान? सात वर्षांपूर्वी गेला होतास ना? तुझी चिठ्ठी तिथंच पडली असणार. रविवारी खाली आणतो आणि चौकात जेवणं चालू असताना मोठ्यानं वाचतो. काय लिहिलंयस? कविताबिविता नाही ना?"

"नाव लिहिलंय," एव्हारिस्तो म्हणाला. मग कुणी विचारले नसताना म्हणाला, "नुसतं नाव."

पाव न घेताच तो बाहेर पडला. एर्मिंदाने मागून हाक मारली, "अरे, सेमीता पाव गरम आहे, नको का?" पण तो तोवर पॉप्लरच्या रांगेपर्यंत पोचला होता.

त्या बाजूच्या डोंगरांवर एक रीत आहे. प्रत्येक माथ्यावर दगडांच्या ढिगात पत्र्याचा एक डबा असतो. वर पोचणारा माणूस आपले नाव आणि तारीख लिहून चिठ्ठी डब्यात ठेवतो, आणि आधीच्याची चिठ्ठी काढून खाली आणतो. ती ज्याची असेल त्याच्या हातात नेऊन द्यायची, मग तो कितीही दूर राहत असो. आपली चिठ्ठी आपण काढायची नसते. ती दुसऱ्या कुणीतरी परत आणली, की तुमचे वर जाणे खरे ठरते. प्रसिद्ध माथ्यांवरच्या चिठ्ठ्या आठवड्यात परत येतात. बहिरीवर कुणीच जात नसे. ती उंच नव्हती, देखणीही नव्हती. आणि तिच्यासमोर उभे राहून कितीही ओरडले तरी आवाज परत येत नसे, म्हणून तिचे नावच बहिरी पडले होते.

सात वर्षांपूर्वी तिच्यावर दोघे जाणार होते. एर्मिंदाची भाची झुलेमा नाविया पाण्याच्या पाळीची चौकशी करायला पाटावर यायची आणि चौकशी संपली तरी थांबायची. एव्हारिस्तो फारसा बोलत नसे. ती बोलायची, आणि तो पाटाचे पाणी अडवणाऱ्या दरवाजाचे चाक फिरवत ऐकायचा. एका हिवाळ्यात बोलता बोलता तिनेच ठरवले. "ती समोरची बहिरी आहे ना, तिच्यावर जाऊ. तुला कुणाचं उत्तर नको असतं, तिला द्यायचं नसतं. जमेल तुमचं." ठरल्या दिवशी तो पाटाच्या तिसऱ्या दरवाजापाशी उजाडण्याआधी येऊन उभा राहिला. ऊन बहिरीच्या कमरेपर्यंत उतरले तरी ती आली नाही. (एर्मिंदा पायरीवरून घसरली होती, आणि झुलेमा संध्याकाळपर्यंत दुकानातून हलू शकली नव्हती. हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले.) तो एकटाच चढला. माथ्यावर बसून दोघांसाठी आणलेल्या सेमीतातला अर्धा भाग त्याने खाल्ला, उरलेला अर्धा समोर ठेवून कितीतरी वेळ पाहिला, आणि मग पेन्सिल काढून लिहिले:

'एव्हारिस्तो तेखादा आणि झुलेमा नाविया. आज वारा नाही. झुलेमा माझ्याआधी पोचली.'

इतके लहान खोटे. पण एर्मिंदाला तो दिवस पक्का ठाऊक होता. पंधरा जणांसमोर मास्तरांनी ते वाक्य वाचले, की ती सहज म्हणणार, 'कुठली पोचतेय? माझ्या पायाला बर्फ लावत बसली होती ती.' आणि चौकात हशा पिकणार. तो हशा एव्हारिस्तोला आत्ताच ऐकू येत होता. रीत मोडायची ठरवून, शनिवारच्या पाळीचे पाणी पहाटेच सोडून तो निघाला.

कोरड्या ओढ्याच्या पात्रातून वाट सुरू होते. तिथले गोटे पावलाखाली कुणी दात खावेत तसे कुरकुरतात. पुढे हारियाची झुडपे लागतात. दंवाने ओलावली, की त्यांचा डिंकासारखा कडवट वास माणसाच्या बाहीला लागून दिवसभर सोबत चालतो. एप्रिल उजाडला होता, म्हणजे तिकडचा पानगळीचा महिना. मागे दरीत पॉप्लर पिवळे पडले होते आणि पाटाची रेघ इतक्या उंचीवरून एखाद्या वहीत आखलेल्या ओळीसारखी दिसत होती, जिच्यावर अजून कुणी काही लिहिलेले नाही. एका कड्यावरून पाच ग्वानाकोंचा, त्या लांब मानेच्या रानटी जनावरांचा, कळप त्याला निरखत होता. त्यातला एक इतरांपासून जरा दूर होता. एव्हारिस्तोने त्याच्याकडे पाहून नकळत टोपी उचलली, आणि मग आपलेच हसू येऊन ती पुन्हा घातली.

चालताना मनाला अडवता येत नाही. पाटाला दरवाजे असतात, मनाला नसतात. त्याला पाच वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवत राहिली. झुलेमा दुसऱ्या दिवशी नेउकेनला जायची होती. तिथल्या इस्पितळात तिला परिचारिकेचे काम लागले होते. ती तिसऱ्या दरवाजापाशी आली, उजवा हात कोटाच्या खिशात घालून उभी राहिली. त्या खोट्या चिठ्ठीनंतर तो तिच्याकडे सरळ पाहत नसे. आपल्या चेहऱ्यावरून ती वाचेल, असे त्याला वाटायचे.

"काय रे, हल्ली वर जातोस की नाही?" तिने विचारले होते.

"वेळ कुठं मिळतो?"

"एकदा जाऊन ये की बहिरीवर."

"बघू."

"बघू म्हणणारी माणसं पाटातच बघत बसतात." ती हसली, पण हात खिशातच राहिला. "बरं. पाणी नीट सोडत जा. मावशीच्या लसणाला कमी पडू देऊ नकोस."

तो 'हो' म्हणाला होता. पाच वर्षांत एर्मिंदाच्या लसणाला एकदाही पाणी कमी पडले नव्हते.

दुपारी बाराच्या सुमाराला तो शेवटच्या घसरणीवर पोचला. इथे पाऊल वर टाकले की अर्धे खाली येते. दोन्ही हातांनी खडक धरत, थांबत, धापा टाकत तो वर आला. माथा तसाच होता, तीन-चार माणसे बसतील एवढा. दगडांचा ढीग जागेवर होता. त्याने वरचे दगड एकेक करून बाजूला ठेवले, कुणाच्या तरी घरात चोरी करत असल्यासारखे, आवाज न करता. आणि इथे ऐकायला कोण आहे, हे ध्यानात येऊनही त्याचे हात हळूच चालत राहिले.

डबा निघाला. झाकण गंजले होते. पण ते त्याने लावले होते तसे नव्हते. त्याच्याभोवती निळ्या लोकरीचा दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारली होती.

त्याची चिठ्ठी आत नव्हती. दुकानात सामान बांधतात त्या तपकिरी कागदाचा एक तुकडा होता, चार घड्या घातलेला. अक्षर त्याने लगेच ओळखले. पाण्याच्या पाळीच्या अर्जांवर ते त्याने किती वेळा वाचले होते.

'झुलेमा नाविया. एकटी आले. खूप वारा आहे. डब्यात दोन नावांची चिठ्ठी सापडली, त्यातलं एक माझं. आधी राग आला. मग बसले, तर राग गेला. मी आधी पोचले असं लिहिलंय, तेवढंच चुकलं. मी दोन वर्षं उशिरा पोचले. पण आता ती चिठ्ठी खोटी राहिली नाही. दोघं येऊन गेलो, दिवस तेवढे वेगळे. ती मी घेऊन जाते. ही ज्याला मिळेल त्याने मला आणून द्यावी, रीतीप्रमाणे. घाई नाही.'

खाली तारीख होती. पाटावर निरोप घ्यायला ती आली, त्याच्या आदल्या दिवसाची.

एव्हारिस्तो खाली बसला. म्हणजे त्या संध्याकाळी कोटाच्या खिशात, तिच्या मुठीत, त्याचीच चिठ्ठी होती. ती परत द्यायला आली होती आणि न देता गेली. कारण दिली असती तर तिथेच सगळे संपले असते, आणि न दिली तर तो कधीतरी इथवर येईल आणि तिची चिठ्ठी त्यालाच सापडेल, अशी तिची आशा होती. त्याने फक्त एकदा चढायचे होते. तीन वर्षे ती दूरच्या शहरातून विचारत राहिली, बहिरीवर कुणी गेलं का. आणि तो खाली, याच डोंगराच्या सावलीत, चाक फिरवत राहिला. आपले खोटे वर आहे म्हणून त्याने वर पाहायचेच सोडले होते.

तो उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडला. तिचे नाव. दरीने ते घेतले आणि काहीच परत केले नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, तरीही.

मग तिची चिठ्ठी खिशात ठेवून त्याने पेन्सिल आणि एक कोरा कागद काढला. आता लिहिणार ती चिठ्ठी रविवारी मास्तर वाचणार, चौकात, मोठ्याने, हे त्याला पुरते ठाऊक होते. कागद गुडघ्यावर ठेवून त्याने लिहिले: 'एव्हारिस्तो तेखादा. एकटा आलो. पहिल्या वेळीही एकटाच आलो होतो, आणि दोन नावे लिहिली होती.' आणखी काही लिहावेसे वाटेना. झाकणावर निळा दोरा पुन्हा गुंडाळताना बोटे थंडीने आखडली होती. गाठ तिच्याइतकी नीट बसली नाही.

उतरून दुकानाशी आला तेव्हा ऊन भिंतीवरून जाता जाता शेवटच्या विटेवर टेकले होते. एर्मिंदा फळ्या लावत होती.

"हे काय रे रूप? कुणी बडवलं का तुला?"

"दोन्या एर्मिंदा, झुलेमाचा पत्ता हवा होता."

तिचे हात थांबले. सात वर्षांत त्याने तिच्या दुकानात पावाखेरीज काही मागितले नव्हते. "कशाला?"

"तिची एक वस्तू आहे. वर राहिली होती."

"वर? बहिरीवर? ती कधी गेली वर?"

"गेली होती."

एर्मिंदाने त्याच्या गुडघ्यांवरची धूळ पाहिली, मग चेहरा पाहिला. "अस्सं," ती म्हणाली. "म्हणून ती डोंगर विचारत होती. आणि मी मूर्ख, गुडघे सांगत बसले." मग तिने फोनकडे हात केला. "थांब, लावून देते. बोल तिच्याशी."

"नको." तो इतक्या घाईने म्हणाला की दोघेही दचकले. "हातात द्यायची असते."

"नेउकेन कुठं आहे माहीत आहे का? एक रात्र आणि वर अर्धा दिवस बसमध्ये! आणि अरे, दोन वर्षं झाली तिनं विचारणं सोडून. तिथं तिचं आता काय आहे, कोण आहे, मलाही सगळं सांगत नाही ती. निदान आधी विचारून तरी घेऊ दे, येऊ का म्हणून."

"विचारलं तर मी जाणार नाही," एव्हारिस्तो म्हणाला.

एर्मिंदाने तपकिरी कागदाचा तुकडा फाडला, पेन्सिल जिभेला लावून पत्ता लिहिला, आणि सवयीने त्यात एक सेमीता गुंडाळून त्याच्या हातात दिला. "आणि पाणी? बुधवारी माझ्या लसणाची पाळी आहे."

"मास्तरांना चाक कसं फिरवायचं ते दाखवून जातो."

"मास्तर! बुडाला माझा लसूण."

तो हसला आणि बाहेर पडला. दोन तपकिरी कागद आता एकाच खिशात होते, एक पाच वर्षांचा, एक आत्ताचा. पॉप्लरखालून जाताना त्याने सवयीने मान खाली घातली होती. तिसऱ्या दरवाजापाशी येऊन ती वर केली. समोर बहिरी होती, माथ्यावर थोडे ऊन शिल्लक असलेली. तिने त्या दिवशीचे काहीही ऐकल्याची खूण कुठेच दिसत नव्हती.