पुढचे रुंद टायर

माझ्या नवऱ्याकडे, व्हर्लिनकडे, मी गेल्या कित्येक वर्षांत एकच गोष्ट मागितली होती: फेरीच्या दिवशी मला तुझ्या शेजारी बसव. फार मोठं मागणं नव्हतं. शेजारच्या लॉनीच्या बायकोला ते न मागता मिळतं.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी आमच्या गावात जुन्या गाड्यांची फेरी निघते. साठ-सत्तर सालच्या, दांडग्या इंजिनांच्या, उभ्या जागी गुरगुरणाऱ्या गाड्या. शाळेच्या मैदानातून निघायचं, कोर्टाला वळसा घालायचा, परत यायचं, की पुन्हा तेच. नवरे चालवतात आणि बायका शेजारी मिरवतात. मी मात्र दर वर्षी फुटपाथवर लिंबू सरबत पीत दुसऱ्यांच्या गाड्यांना हात करते, कारण आमची शेव्हेल 'जवळजवळ तयार' असते.

ती सत्तर सालची शेव्हेल व्हर्लिनने रिटायर झाल्यावर आणली. तेव्हापासून माझी गाडी हिवाळाभर बर्फात आणि ती गॅरेजमध्ये पांघरुणाखाली. आधी सीटा झाल्या, मग ब्रेक, मग रंग. रंगाचं तर नावच काढू नका. गडद निळा, स्वतःच्या हाताने मारलेला, घासून पुन्हा मारलेला. नातवंडं गॅरेजमध्ये आली की त्यांना हात खिशात घालून उभं राहावं लागतं. पण यंदा वसंतातच तो म्हणाला, "डोरीन, या वर्षी तू माझ्या शेजारी. शब्द देतो." मी जाऊन रंगाला शोभेल असा पांढरा ब्लाउज घेऊन आले. या वयात. हसायचं तर हसा.

आणि मग त्याला पुढचे टायर रुंद हवेसे झाले.

"आहेत त्यांना काय धाड भरलीय?" मी विचारलं.

"सायकलची चाकं वाटतात गं. पुढून गाडी कशी भरलेली दिसायला हवी."

त्याने जमिनीवर पालथं पडून मापं घेतली. चाक सरळ ठेवून, डावीकडे वळवून, उजवीकडे वळवून. बोटभर जागा सगळीकडे सुटत होती. तेवढ्यावर त्याने नवे टायर नव्या रिम्ससकट बसवून घेतले आणि जुने शेजारच्या गावातल्या कुणाला तरी देऊन टाकले. परतीचे दोर कापून मोकळा.

फेरीच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी त्याने गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. शेजारचा लॉनी बिअरचा कॅन घेऊन बघायला आला. मी आत उजव्या सीटवर बसले; आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. गाडी सरळ झकास गेली. डावीकडे वळली तशी माझ्या पायापाशी खर्रर्र आवाज झाला.

लॉनीने खाली वाकून पाहिलं. "घासतोय. मडगार्डची कड टायरला लागतेय."

"शक्यच नाही. मी मोजलंय," व्हर्लिन म्हणाला.

"कधी?"

"मे महिन्यात."

"इंजिन आत होतं?"

नव्हतं. मे महिन्यात इंजिन दुरुस्तीला गेलं होतं आणि गाडीचं नाक हलकं होऊन वर उचललेलं होतं. जुलैत ते लोखंडाचं धूड परत आत बसलं आणि नाक खाली आलं. सगळं आयुष्य गाड्यांखाली काढलेल्या माणसाने ही चूक केली होती. आधी कळस, मग पाया.

"म्हणजे जेवायच्या आधी पट्ट्याला भोक पाडलंस तू," लॉनी म्हणाला आणि स्वतःच खूप वेळ हसला. मग उपाय सांगितला. "बेसबॉलची बॅट आणतो. टायर आणि मडगार्डच्या मध्ये घालायची, गाडी हळूहळू ढकलायची. कड आत दुमडली जाते. सगळे तेच करतात."

"रंग तडकेल."

"तडकेल थोडासा."

"मग राहू दे," व्हर्लिन म्हणाला. लॉनीने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

शुक्रवारभर तो गाडीखाली. स्प्रिंगांमध्ये रबराचे तुकडे घालून नाक जरासं वर आणलं. मी दोनदा जेवायला हाक मारली. पालथ्या घड्यावर पाणी. शनिवारी दुपारी मी ब्लाउजला इस्त्री करून ठेवला आणि बटाट्याचं सॅलड करत होते, तेवढ्यात तो हात पुसत स्वयंपाकघरात आला.

"आता लागत नाही," तो म्हणाला.

"देव पावला."

"म्हणजे, मी एकटा असलो की लागत नाही." तो सॅलडशी बोलत होता. "शेजारी कुणी बसलं की उजवी बाजू दबते, आणि डावीकडे वळताना लागतं. सिमेंटचं पोतं ठेवून पाहिलं. म्हणून म्हणतो, या वर्षी मी एकटाच जातो. पुढच्या वर्षी नक्की."

मला राग येतो तेव्हा मी भांडी आपटते. त्या वेळी चमचासुद्धा आपटला नाही. राग होताच, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. या माणसाने माझ्या जागी पोतं ठेवून पाहिलं होतं आणि रंगाच्या बाजूने निकाल दिला होता.

"प्रश्न वजनाचा आहे ना?" मी विचारलं.

"हो. तुझ्यावर काही नाही गं, कुणीही बसलं तरी…"

"तुझं वजन माझ्या दुपटीला आलंय, व्हर्लिन. मी एकटी गेले तर मुळीच लागणार नाही."

मी ब्लाउज घातला, चावी उचलली आणि शेव्हेलमध्ये जाऊन बसले. स्टिअरिंगच्या बाजूने.

तो काचेपाशी आला. "डोरीन, क्लच कडक आहे."

"शाळेची बस चालवून रिटायर झालेय मी. बाजूला हो."

गाडी रस्त्यावर आली. कुठेच काही लागलं नाही. निळं बॉनेट उन्हात चमकत होतं, इंजिन खुशीत होतं, आणि मला शिव्या घालाव्याशा वाटत होत्या. शेजारची सीट रिकामी होती. मला गाडी हवी नव्हती. गाडी घेऊन मी काय करणार होते?

कोपऱ्यावरच्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी मी थांबले. इथून मैदानाकडे डावीकडे वळायचं. तेवढ्यात उजवं दार उघडलं. व्हर्लिन धापा टाकत आत बसला, घरातल्याच चपलांवर. गाडी उजवीकडे चांगलीच दबली.

"तू बसलास तर घासेल," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"रंग जाईल."

"डोरीन, वळव."

मी वळवली. खर्रर्र झालं, लांबलचक. त्याचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. मी माफी मागितली नाही.

कोर्टाच्या वळशाला चार वळणं आहेत, चारही डावीकडे. चारही वेळा लोकांनी माना वळवल्या. लॉनी आपल्या गाडीतून काहीतरी ओरडला, ते इंजिनात बुडालं. पहिला वळसा संपल्यावर आरशात निळ्या रंगाची कपची मागे रस्त्यावर पडलेली मला दिसली. मी वेग कमी केला.

"बस झालं, आता घरी जाऊ या," मी म्हणाले.

व्हर्लिन समोर बघत होता. "पुन्हा वळसा घाल," तो म्हणाला.