मोठ्या ड्रमात काय भरायचं

अकोल्याला राहायला गेल्यावर पहिल्या वर्षी माझी मुलगी निधी दर रविवारी घरी यायची. दुसऱ्या वर्षी यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "रविवारी गेम असतो." फोनवरचा नाही, मैदानावरचाही नाही. चार जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि अडलं की फासे टाकतात. हे तिने मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी "कळलं" म्हटलं, कारण चौथ्यांदा विचारायची लाज वाटली.

दिवाळीनंतर त्यांच्यातली आकांक्षा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि एक खुर्ची रिकामी झाली. निधी फोनवर म्हणाली, "रविवारी मला भेटायचं असेल तर तूच ये खेळायला." ती चेष्टेत म्हणाली होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हो म्हटलं.

एक नियम मात्र मला लगेच कळला. गोष्ट चालवतो तो नितेश. ज्याचं कॅरेक्टर मरेल तो गोष्ट संपेपर्यंत टेबलाबाहेर, असं त्याचं ठरलेलं. गोष्ट संपायला वर्षसुद्धा लागू शकतं. म्हणजे मला रविवार हवे असतील तर माझ्या कॅरेक्टरने मरून चालणार नव्हतं. बाकी सगळं धुक्यात होतं, पण प्रश्न स्पष्ट होता.

मी अमरावतीला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. नियमांचं पुस्तक मी पाठ्यपुस्तकासारखं वाचलं. नव्या कॅरेक्टरला सहा लेव्हल मिळणार होत्या. त्या सगळ्या एकाच क्लासमध्ये, म्हणजे पेशात, घालता येतात किंवा दोन क्लासांत वाटता येतात. पुजाऱ्याला जखमा भरता येतात, शिवाय जड चिलखत आणि ढाल चालते. जादूगाराला पोथीतले मंत्र येतात, त्यांना स्पेल म्हणतात. त्यातला एक वार अंगावर येताक्षणी अडवतो, आणि दुसऱ्याने संकटातून नाहीसं होऊन तीस फूट लांब उभं राहता येतं. मी तीन लेव्हल पुजाऱ्याला दिल्या, तीन जादूगाराला. शत्रूचा वार लागायची शक्यता चिलखत-ढालीमुळे पस्तीस टक्के उरत होती. अडवायचा स्पेल टाकला की दहा.

"तीन-तीन?" निधी म्हणाली. "असं कोणी करत नाही गं."

"नियमात बसत नाही का?"

"बसतं. पण दोन्हीकडे अर्धवट."

अर्धवट काय, ते तिला सांगता येईना आणि मला दिसेना. माझं गणित बरोबर होतं. मी पुन्हा करून पाहिलं.

जठारपेठेत नितेशच्या घरच्या पुढच्या खोलीत टेबल होतं आणि भिंतीला लागून निळे ड्रम. अकोल्यात नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक घरात असे ड्रम असतात. स्पेल टाकण्याची जी ताकद दिवसाला मिळते, लहान, मधली आणि मोठी, तिलाही ही मुलं ड्रमच म्हणत. स्पेल टाकला की एक ड्रम रिकामा. कॅरेक्टर रात्रभर झोपलं की सगळे पुन्हा भरलेले.

"काकू, नाव काय हिचं?" मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला कुलदीप म्हणाला. गोष्टीत तो योद्धा होता. निधी टिटवी नावाची चोर होती.

"नाव लागतं?"

"मंग काय! बिननावाची मेली तर रडाचं कोनाच्या नावानं?"

"मरायचं नाहीये तिला. सध्या क लिही."

"क बाई," कुलदीप लिहीत म्हणाला. "चाला, आपल्या गावात क बाई आली."

निधीने कपाळाला हात लावला, पण हसली.

आम्ही सुरू करणार तेवढ्यात शेजारच्या आशाबाई रिकामी कळशी घेऊन दारात आल्या. थंडीबद्दल बोलल्या, नितेशच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं, मी कोण ते विचारलं. पाण्याचं नाव काढलं नाही. बोलता बोलताच नितेशने उठून त्यांची कळशी भरून दिली आणि त्या बोलत बोलतच गेल्या. मला वाटलं, त्यांचं आधी बोलणं झालं असेल.

गोष्टीत आम्ही काळ्या जमिनीवरून चाललो होतो. उन्हाळ्याने जमीन भेगाळली होती आणि भेगांतून काहीतरी लांबलचक सरकत होतं. नितेश ते इतकं हळू आवाजात सांगत होता की मी पाय खुर्चीवर घेतले. मग ते बाहेर आलं आणि पहिल्यांदा माझ्यावरच आलं. मी अडवायचा स्पेल टाकला. वार हुकला.

"क्या बात है, काकू!"

दुसऱ्यांदा आलं, तेव्हा मी नाहीशी होऊन तीस फूट लांब उभी राहिले. सगळं हिशोबाप्रमाणे चाललं होतं. एवढंच की मी सरकल्यावर त्याच्यासमोर टिटवी उरली. हे माझ्या हिशोबात नव्हतं, कारण हिशोबात टिटवीच नव्हती.

टिटवी पडली.

पडलेल्याने आपल्या प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर चांगलं, खाली आलं तर वाईट. आधी तीन चांगले आले तर वाचला, तीन वाईट आले तर मेला. वाचण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे मी लगेच काढलं. जखम भरायचा स्पेल माझ्याकडे होता, लांबूनही टाकता येणारा. ड्रमही बरेच शिल्लक होते. पण तो प्राणी अजून जिवंत होता आणि मला वार अडवायला ड्रम लागणार होते. शिवाय निधी काही म्हणाली नाही. ती कितीतरी महिने हा खेळ खेळते आहे, मी पहिल्यांदा. गरज असती तर तिने सांगितलं असतं. प्रयोगशाळेत मी मुलांना हेच शिकवते: दुसऱ्याच्या प्रयोगात न विचारता हात घालू नका.

निधीला सहा आले. एक वाईट.

मी माझ्या पाळीला त्या प्राण्यावर एक बारीकसा स्पेल टाकला. हुकला. कुलदीपचा भाला लागला. नितेशने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

निधीला चौदा आले. मग चार. तिने फासा हातात घोळवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिला धीर देण्यासाठी हसले.

दोन आले.

"गेली," नितेश म्हणाला. कुलदीपच्या पुढच्या वारात तो प्राणीही गेला, पण कोणी ओरडलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "मेलेल्याला परत आणायचा स्पेल असतो ना? पुजाऱ्याचा? त्याला मोठा ड्रम लागतो. माझे तिन्ही मोठे ड्रम भरलेले आहेत."

"ड्रम हायेत, काकू," नितेश हळूच म्हणाला. "ताकद तुमच्या साही लेव्हल धरून येते. पन तो स्पेल शिकाले पुजाऱ्याच्याच पाच लागते. तुमाले तीन आहे."

मी कागदाकडे पाहिलं. मोठा ड्रम होता, त्यात भरायला काही नव्हतं. अर्धवट म्हणजे हे. मला ते आधी दिसायला हवं होतं. नियमांत लिहिलेलं होतं.

निधी उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. आता ती टेबलाबाहेर होती, आणि मी आत.

"काकू, तुमी स्पेल काहून नाही देल्ला?" कुलदीप म्हणाला. रागाने नाही, खरंच कळलं नव्हतं म्हणून.

"तिने मागितला नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मागत असते का कोनी?" कुलदीप म्हणाला. "ज्याचा ड्रम त्यानंच द्याचा असते. मागतलं तर समोरच्याले नाही म्हनता येत नाही न, बाप्पा."

मला आशाबाईंची कळशी आठवली. आमच्या कॉलनीत पाणी दिवसाआड येतं. तिथे कोणाला काही हवं असेल तर तो सरळ बेल वाजवून मागतो.

"मग मी आता काय करू?" मी विचारलं. वर्गात हे वाक्य मी कधी म्हटलेलं नाही.

नितेश पुस्तक चाळू लागला. "एक हाय. देह जपून ठेवाचा स्पेल. तुमच्याजवळ लिहेल हाय पाहा, खालून तिसरा. हा आताच टाकला तर दहा दिवस देह हाय तसाच राह्यते. दहाव्या दिवसाच्या आत पुन्हा टाकाचा. असं करत करत पुजाऱ्याच्या पाच केल्या, का उठवा तिले, मंग निधी पुन्हा टेबलावर."

"म्हणजे अजून दोन लेव्हल. त्याला किती रविवार लागतील?"

"ते कसं सांगू? गोष्ट जशी चालन तशी लेव्हल भेटन."

म्हणजे त्याचंही गणित मांडता येत नव्हतं. मी स्पेल टाकला. त्या दिवशी कोणासाठी टाकलेला पहिलाच.

बस स्टँडपर्यंत निधी सोडायला आली.

"तू रागावली आहेस का?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तू हसलीस तेव्हा मला वाटलं, तू मुद्दाम करते आहेस. मी मेले की रविवारी घरी येईन म्हणून."

"मला असलं काही सुचतं का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "नाही सुचत."

बडनेरामार्गे जाणारी गाडी लागली होती. मी खिडकीशी जागा धरली. निधी खाली उभी राहून म्हणाली, "आता रविवारी मला कामच नाही. येऊ घरी?"

हेच मला हवं होतं. महिनोन्‌महिने हेच हवं होतं.

"रविवारी मी घरी नाही," मी म्हटलं. "मला अकोल्याला यावं लागेल. टिटवीचा देह आहे."

ती बघतच राहिली. मग हसू लागली, आणि हसताना तिने डोळे पुसले. ते कशामुळे, ते मला कळलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा ती गाडीबरोबर चार पावलं चालत आली.

मला वाटलं, ती काही मागणार नाही. आशाबाईंसारखी थंडीबद्दल बोलेल आणि परत जाईल.

"शनिवारी रात्री ये," मी खिडकीतून ओरडले. "रविवारी सोबत येऊ. तू माझ्या मागे बस."

"मेलेल्याला बोलता येत नाही टेबलावर," ती ओरडली.

"नको बोलूस."

गाडी वळली. ती हो म्हणाली की नाही, ते ऐकू आलं नाही. मी पिशवीतून क बाईचा कागद काढला आणि पुढच्या लेव्हलसाठी पुजारी लिहिलं. चिलखताचा आकडा वाढत नव्हता. वार लागायची शक्यता होती तेवढीच राहत होती. तरी लिहिलं.